मानेवरचा काळेपणा घासून जात नाही

माननीय संपादक यांस,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेतील कृष्णवर्णीय तरुणांचे शरीर इन्सुलिनला दाद देईनासे होते आणि त्यातून त्यांना उच्च रक्तदाब जडण्याचा धोका वाढतो, अशा आशयाच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. बहुधा आतल्या पानावर, चार-सहा ओळींत. शीर्षकातच ‘कृष्णवर्णीय’ हा शब्द असल्यामुळे आपला वाचक ती परमुलखातली गोष्ट समजून पान उलटतो. गेली सव्वीस वर्षे बेळगावात शहापूर भागात मी औषधांचे दुकान चालवतो आणि मला ते पान तसे उलटता येत नाही, कारण त्या बातमीतला तरुण संध्याकाळी माझ्याच काउंटरपुढे उभा असतो. फक्त त्याचे गाव येळ्ळूर किंवा कंग्राळी असते.

गेल्या श्रावणातली गोष्ट आहे. उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत काम करणारा सव्वीस वर्षांचा मुलगा पाळी संपवून दुकानात आला. “काका, डोकं लई ठणकायलंय, एक गोळी द्या की,” म्हणाला. महिन्याभरात तो तिसऱ्यांदा हेच मागत होता, म्हणून गोळी देण्याआधी त्याला स्टुलावर बसवले. बीपीच्या यंत्राचा नेहमीचा पट्टा त्याच्या दंडाला पुरेना. तो ओढूनताणून बांधला तर आकडा खोटा वाढून येतो, म्हणून मोठा पट्टा काढला, पाच मिनिटे त्याला बोलू दिले नाही, पाय जमिनीला टेकवून घेतले आणि मग मोजले. १५६ आणि १०२. थोड्या वेळाने दुसऱ्या हातावर घेतले, तेही जवळपास तेवढेच. तो बूट नीट करायला खाली वाकला तेव्हा शर्टाच्या कॉलरमागे त्याच्या मानेवर मखमलीसारखा जाडसर, काळपट पट्टा दिसला. विचारल्यावर हसून म्हणाला, “आई म्हणत्या, अंघोळ नीट करत न्हाईस.” त्या पट्ट्यासाठी त्याने माझ्याच दुकानातून दोनदा गोरेपणाचे क्रीम नेले होते, हे मला नंतर आठवले.

हा पट्टा मळाचा नसतो. डॉक्टर त्याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात. रक्तात इन्सुलिन सतत गरजेपेक्षा जास्त राहिले, की ते त्वचेच्या पेशींनाही वाढायला लावते आणि मान, काख, जांघ अशा घडीच्या जागी कातडी जाड व काळी होते. लिंबू, बेसन-दही, वजरी असे सगळे उपाय आपल्या घरांतून चालतात. मुले-मुली कातडी सोलेपर्यंत घासतात आणि पट्टा जागचा हलत नाही. सावळ्या आणि काळ्या वर्णाच्या लोकांत तो अधिक आढळतो. म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय घरातली आई आणि वडगावातली आई एकाच खुणेवर एकाच प्रकारे साबण घासत असणार. त्या खुणेवर क्रीम विकून मी इतकी वर्षे चार पैसे मिळवले, ही कबुली या पत्रात द्यायलाच हवी.

आता साखरेच्या या भानगडीचा रक्तदाबाशी संबंध काय, असे पुष्कळजण विचारतात. बीपी मिठाने वाढते आणि शुगर गोडाने, अशी दोन स्वतंत्र खाती आपण मनात उघडून ठेवलेली आहेत. इन्सुलिनचे काम म्हणजे जेवणानंतर रक्तात आलेली साखर स्नायूंनी आणि यकृताने उचलावी म्हणून त्यांना हाक देणे. पोटाभोवती आणि यकृतात चरबी साठू लागली, की या अवयवांना ती हाक नीट ऐकू येत नाही. स्वादुपिंड मग आवाज चढवते, म्हणजे दुप्पट-तिप्पट इन्सुलिन सोडते आणि साखर कशीबशी आटोक्यात ठेवते. यालाच इन्सुलिन रेझिस्टन्स म्हणतात. मूत्रपिंडाचे कान मात्र या काळात शाबूत असतात. इन्सुलिनची त्याला दिलेली एक आज्ञा अशी, की लघवीवाटे जाणारे मीठ अडवून परत रक्तात घे. आवाज चढला की मूत्रपिंड ही आज्ञा अधिकच इमानाने पाळते. अंगात मीठ राहिले की पाणी राहते. त्यात जास्तीचे इन्सुलिन मज्जासंस्थेलाही डिवचते, त्यामुळे हृदयाचे ठोके वाढतात आणि रक्तवाहिन्या आवळतात. निरोगी माणसात त्याच वाहिन्या सैल करण्याचे जे काम इन्सुलिन करते, ते इथे मंदावलेले असते. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेराल्ड रीव्हन यांनी १९८८ साली एका व्याख्यानात साखर, रक्तातील चरबी आणि रक्तदाब यांच्या मुळाशी असलेल्या या गुंत्याला ‘सिंड्रोम एक्स’ असे नाव दिले, तेव्हापासून डॉक्टरांना तो ठाऊक आहे. आपल्यापर्यंत तो पोचलेला नाही, याचे एक साधे कारण म्हणजे या सगळ्या काळात शुगरचा रिपोर्ट नॉर्मल येतो. त्या फौंड्रीतल्या मुलाची उपाशीपोटीची साखर ९६ होती. घरच्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

अमेरिकेतल्या बातमीमागे जे संशोधन आहे, ते मुळात तरुणांवरचेच आहे आणि म्हणून मला ते मोलाचे वाटते. १९८५-८६ मध्ये बर्मिंगहॅम, शिकागो, मिनियापोलिस आणि ओकलंड या चार शहरांतील १८ ते ३० वयाच्या ५,११५ कृष्णवर्णीय आणि गौरवर्णीय तरुण-तरुणींची ‘कार्डिया’ नावाच्या अभ्यासासाठी नोंद झाली आणि त्यांच्या तपासण्या पुढे अनेक दशके होत राहिल्या. १३०/८० ही तिथली नवी मर्यादा धरली, तर पंचावन्न वर्षांचे होईतो कृष्णवर्णीय पुरुष आणि स्त्रिया यांपैकी सुमारे ७५ टक्के लोकांना रक्तदाब जडला. गौरवर्णीय पुरुषांत हे प्रमाण सुमारे ५५ आणि स्त्रियांत ४० टक्के होते. या गटांमधले अंतर पंचावन्नाव्या वर्षी अचानक पडलेले नव्हते, ते तरुणपणापासूनच रुंदावत आले होते.

हा कातडीच्या रंगाचा दोष आहे, असा अर्थ यातून काढणारे काढतात. त्यांच्यासाठी १९९७ साली प्रसिद्ध झालेला रिचर्ड कूपर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास पुरेसा आहे. पश्चिम आफ्रिकेत, कॅरिबियन बेटांवर आणि अमेरिकेत राहणाऱ्या, मूळ एकाच वंशाच्या लोकांचे रक्तदाब त्यांनी एकाच पद्धतीने मोजले, तेव्हा उच्च रक्तदाबाचे प्रमाण आफ्रिकेत १६, कॅरिबियन बेटांवर २६ आणि अमेरिकेत ३३ टक्के भरले. पूर्वज एकच; जगणे बदलत गेले तसा आकडा चढत गेला. पुढे २०१८ साली ‘रिगार्ड्स’ या दुसऱ्या मोठ्या अभ्यासातून दिसले, की गौरवर्णीयांच्या तुलनेत कृष्णवर्णीय पुरुषांना उच्च रक्तदाबाची जी जादा जोखीम असते तिचा जवळपास निम्मा भाग अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या आहाराशी, म्हणजे तळणे, प्रक्रिया केलेले मांस आणि गोड पेये यांच्याशी जोडलेला आहे. ज्या वस्त्यांना पिढ्यान् पिढ्या कर्ज नाकारले गेले, जिथे ताज्या भाजीचे दुकान टिकले नाही, तिथे हा आहार कुणी हौसेने निवडलेला नसतो. आपल्याकडे खानापूर तालुक्यात आणि पलीकडे हल्याळ-यल्लापूर भागात आफ्रिकी वंशाचे सिद्दी बांधव राहतात. अमेरिकेचे आकडे उचलून त्यांना चिकटवण्याचा मोह कुणाला झालाच, तर त्याने कूपर यांचे हे तीन आकडे आधी पाहावेत.

मग आमच्या शरीराचे काय? त्याचे उत्तर पुण्यात आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. वजनाच्या काट्यावर बारीक दिसणाऱ्या भारतीयाच्या पोटात किती चरबी दडलेली असते, हे त्याहून नेमके सांगता येणार नाही. पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेली बाळे सरासरी २.७ किलोच्या आसपास भरतात आणि इंग्लंडमधली साडेतीनच्या आसपास. तरीही आमच्या बाळांच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने टिकून असते, हेही याच गटाने दाखवून दिले. म्हणून ‘आमचा पोरगा कुठे जाडा आहे’ हे वाक्य इथे आधाराला येत नाही. भारतीय पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रीची ८० सेंटिमीटरच्या पुढे गेली, की धोका सुरू झाला असे डॉक्टर धरतात. टेप शिंप्याकडची चालते. मात्र ती बेंबीच्या पातळीवर लावायची. पँटचा पट्टा पोटाखाली सरकवून ‘कंबर बत्तीसच आहे’ म्हणणारे माझ्या ओळखीचे बरेच आहेत.

इथे एक बारकावा नोंदवावासा वाटतो. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांमध्ये इन्सुलिन रेझिस्टन्स असूनही रक्तातील ट्रायग्लिसराइड नावाची चरबी पुष्कळदा नॉर्मल राहते, त्यामुळे त्या आकड्यावर विसंबणाऱ्या कसोट्यांतून ते निसटतात. आपल्याकडे बहुधा ट्रायग्लिसराइड चढलेले आणि चांगले समजले जाणारे एचडीएल कोलेस्टेरॉल उतरलेले असते. म्हणजे आपल्या लिपिड प्रोफाइलच्या, रक्तातील चरबीच्या तपासणीच्या, साध्या कागदावर हा इशारा आधीच छापलेला असतो आणि आपण तो कागद ‘कोलेस्टेरॉल नॉर्मल’ एवढे वाचून घडी करून ठेवतो. प्रत्येकाने इन्सुलिनची महाग तपासणी करून घ्यावी असे माझे अजिबात म्हणणे नाही. तिचे आकडे लॅबगणिक बदलतात आणि बहुतेकांसाठी टेप, बीपीचे यंत्र आणि हा कागद पुरेसा असतो.

आपल्या भागातले खाणे बदलले म्हणजे काय झाले, हे मला दुकानासमोरच्या गाड्यावर दिसते. सकाळी खारी-बिस्किटाबरोबर चहा, अकरा वाजता मिरची भजी नाहीतर वडापाव, दुपारी भाताचा डोंगर आणि त्यावर लोणचे-पापड, संध्याकाळी चिरमुरे-शेव, आणि दिवसभरात पाच-सहा चहा. प्रत्येक चहात दोन चमचे साखर धरली तर फक्त चहातूनच दहा-बारा चमचे होतात. त्यावर तीनशे मिलिलिटरची कोल्ड्रिंकची बाटली घेतली, की आणखी तीस ग्रॅमच्या वर साखर. आमचा बेळगावी गोड कुंदा कधीतरी पाहुणा आल्यावर खाल्ला जातो, त्याला उगाच बदनाम करू नये. मिठाची मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, सांगितली आहे. ती आपल्या ताटात लोणचे, पापड आणि शेव यांनीच भरून जाते. आमच्या आजोबांच्या पिढीनेही लोणचे खाल्ले, हे खरे. ते दिवसभर शेतात घाम गाळत होते. त्यांचा नातू गल्लीच्या टोकाला दूध आणायलाही मोटारसायकलला किक मारतो, आणि फौंड्रीत रात्रपाळी करणाऱ्याच्या झोपेचे तर गणितच उरलेले नाही. अपुरी झोप इन्सुलिनचा परिणाम घटवते, हे प्रयोगांतून दिसून आलेले आहे.

सैन्यभरतीची मुले या बाबतीत निराळी असतील अशी माझी समजूत होती. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र बेळगावात असल्याने कॅम्पातल्या रस्त्यांवर पहाटे धावणारी पोरे हे इथले नेहमीचे दृश्य आहे. धावून पोट सपाट झालेल्या या मुलांपैकीही काहीजण मेडिकलच्या आदल्या दिवशी दुकानात येतात आणि “उद्यापुरतं बीपी उतरायची गोळी” मागतात. मी देत नाही. अशी गोळी एका दिवसासाठी घेण्यात जीवाला धोका आहे, आणि तो आकडा आधी वर्षभर कुणी मोजलाच नव्हता हे खरे दुखणे तिने झाकले जाते.

मुलींची गोष्ट आणखी आडवळणाने समोर येते. पाळी अनियमित, चेहऱ्यावर लव, वजन वाढलेले. डॉक्टर त्याला पीसीओडी, म्हणजे अंडाशयाचा एक विकार, म्हणतात आणि मेटफॉर्मिन लिहून देतात. चिठ्ठी घेऊन आलेली आई आवाज खाली आणून विचारते, “पोरीला शुगर न्हाई, मग शुगरची गोळी कशाला?” आणि पुष्कळदा ती गोळी पहिल्या पाकिटातच बंद होते, कारण लग्नाच्या वयाच्या मुलीच्या पर्समध्ये शुगरची गोळी सापडलेली कुणाला नको असते. त्या गोळीचे काम इन्सुलिनची हाक पुन्हा ऐकू येईल असे करणे आहे, हे दोन वाक्यांत सांगितले तर बहुतेक आयांना पटते. ते सांगायला चिठ्ठी लिहिणाऱ्याला वेळ नसतो आणि आम्हा दुकानदारांना गिऱ्हाइकांची रांग दिसत असते. पुढे याच मुलींना गरोदरपणात शुगर आणि बीपी वाढण्याचा धोका अधिक असतो.

हे पत्र लिहिण्यामागचा माझा मुख्य मुद्दा तपासणीच्या वयाचा आहे. राष्ट्रीय असंसर्गजन्य रोग नियंत्रण कार्यक्रमात रक्तदाब आणि मधुमेह यांची सरसकट चाचणी तीस वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे. आशा कार्यकर्ती घरी येते, तीस वर्षांपुढच्यांची नावे फॉर्मात भरते, आणि त्याच घरात खाटेवर मोबाइल पाहत पडलेला चोवीस वर्षांचा मुलगा तिच्या फॉर्मात बसत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले आकडे सांगतात, की देशातल्या वीस वर्षांवरील लोकांत मधुमेह ११.४ टक्के, मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १५.३ टक्के आणि उच्च रक्तदाब ३५.५ टक्के आहे. उंबरठ्यावरच्या माणसाला तिशीनंतर गाठण्यापेक्षा अठराव्या वर्षी, कॉलेजच्या प्रवेशाच्या वेळी गाठणे स्वस्त पडेल. बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आहे, वैद्यकीय महाविद्यालये आहेत, पदवी महाविद्यालये तर गल्लोगल्ली आहेत. वर्षातून एकदा बीपी आणि कंबर मोजायला डॉक्टर लागत नाही. प्रशिक्षण दिलेला एनसीसी किंवा एनएसएसचा विद्यार्थी ते करू शकतो आणि आकडा वर असेल त्याला डॉक्टरकडे पाठवू शकतो.

कॉलेजात न जाणाऱ्यांचे काय, या प्रश्नाला अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजातच एक सुरेख उत्तर सापडले आहे. लॉस एंजेलिस परिसरात डॉ. रोनाल्ड व्हिक्टर यांच्या चमूने ५२ केशकर्तनालयांत ३१९ कृष्णवर्णीय पुरुष गिऱ्हाइकांचा अभ्यास केला. जवळपास निम्म्या दुकानांत केस कापणाऱ्याने फक्त राहणी सुधारण्याचा आणि डॉक्टरकडे जाण्याचा सल्ला दिला. उरलेल्या दुकानांत औषधशास्त्राचे शिक्षण घेतलेली व्यक्ती तिथेच येऊन डॉक्टरांच्या संमतीने औषधे ठरवून देत होती. सहा महिन्यांत पहिल्या गटाचा वरचा आकडा सरासरी सुमारे ९ ने उतरला आणि दुसऱ्याचा २७ ने. २०१८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडे फार्मासिस्टला औषध लिहून देण्याचा अधिकार नाही आणि तो मागण्याचे हे ठिकाणही नाही. पण सलूनमधल्या खुर्चीत पाऊण तास शांत बसलेला माणूस बीपी मोजायला अगदी योग्य अवस्थेत असतो, आणि मानेवरचा काळा पट्टा आईनंतर कुणाला सर्वांत आधी दिसत असेल तर तो न्हाव्याला. शहरातल्या सलूनवाल्यांना एवढी एक खूण ओळखायला शिकवली आणि मोठ्या पट्ट्यासह एक-एक यंत्र दिले, तर मला वाटते कुठल्याही शिबिरापेक्षा जास्त काम होईल. शिवजयंतीच्या चित्ररथांवर आणि गणेशोत्सवाच्या मांडवांवर आमची मंडळे हौसेने खर्च करतात, रक्तदान शिबिरेही घेतात. त्यातल्या प्रत्येक मंडळाने एक यंत्र विकत घेऊन वर्षभर गल्लीत फिरते ठेवावे, इतके अवघड नाही.

आणखी एक अडचण आपल्या सीमाभागाची खास आहे. एका सरकारी आरोग्य केंद्रातून आलेले बीपीच्या माहितीचे पत्रक माझ्या एका वयस्क गिऱ्हाइकाने मला वाचून दाखवायला आणले, कारण ते फक्त कन्नड आणि इंग्रजीत होते. माझे कन्नड कामापुरते बरे आहे, म्हणून मी त्यांना सांगू शकलो, की ‘बरे वाटले तरी गोळी बंद करू नका’ असे त्यात लिहिले आहे. त्यांनी ती दोन महिन्यांपूर्वीच बंद केली होती. कन्नड शिकण्याला माझा विरोध नाही, माझी मुले ते उत्तम बोलतात. परंतु गोळी कधी घ्यायची हे माणसाला ज्या भाषेत कळते त्या भाषेत सांगितले जावे, एवढी विनंती जिल्हा आरोग्य प्रशासनाने मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तिन्ही भाषांतल्या पत्रकांनी मान्य करावी.

त्या फौंड्रीतल्या मुलाविषयी वाचकांना उत्सुकता असेल. त्याला मी त्या दिवशी डोकेदुखीची गोळी न देता डॉक्टरकडे पाठवले. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही आकडा वरच राहिल्यावर त्यांनी एक साधी गोळी सुरू केली, जी जनऔषधी केंद्रात माझ्या दुकानापेक्षा स्वस्त मिळते आणि तो तिथूनच घेतो. चहा दोनवर आला, कोल्ड्रिंक सुटले, घरचे लोणचे काही सुटलेले नाही. पौषात मोजले तेव्हा १३४ आणि ८६ होते. मानेवरचा पट्टा थोडा फिकट झाला आहे, असे तो म्हणतो. मला तरी अजून तसा दिसला नाही, आणि तो जायला वजन उतरल्यावरही बरेच महिने लागतात हे त्याला सांगून ठेवले आहे. मोठ्या पट्ट्याचे यंत्र दुकानात काउंटरवरच असते. संध्याकाळी सहानंतर कुणीही यावे, मोजण्याचे पैसे घेत नाही. येण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू मात्र टाळावी.

आपला,
एक औषध विक्रेता,
शहापूर, बेळगाव